शॉटगन शिकताना: नळी बघायची नाही, मग हात जागेवर जातात कसे?

ऋजुता_करवीर

नमस्कार मंडळी. मी मूळची कोल्हापूरची, शाळेपासून दहा मीटर एअर रायफल खेळत आले. नोकरीमुळे दिल्लीत आले आणि आता तुघलकाबादच्या कर्णी सिंग रेंजवर शॉटगन शिकतेय. प्रकार स्कीट, म्हणजे दोन बाजूंच्या दोन घरांतून सुटणाऱ्या उडत्या तबकड्या ठरावीक जागांवरून (स्टेशनांवरून) फोडायच्या.

अडचण अशी आहे की रायफलीने जे अंगात भिनवलं, ते सगळं इथे उलटं आहे. रायफलीत श्वास सोडून थांबायचं, पुढच्या साइटच्या गोलात काळा ठिपका बसवायचा आणि चाप इतका हळू दाबायचा की बार कधी गेला ते आपल्यालाही कळू नये. इथे सर म्हणतात, "नळी बघू नकोस, माशी बघू नकोस, फक्त तबकडी बघ. हात आपोआप जातील." पुढे मारायचं असतं हे कळतं. पण किती पुढे ते विचारलं की म्हणतात, मोजू नकोस. मोजलं की माझा बार हमखास मागून जातो, हे मात्र खरं आहे.

तर या 'आपोआप'चं काय करायचं? ही गोष्ट शिकवता येते, की ज्याला असते त्याला असते? रायफल किंवा पिस्तुलाकडून शॉटगनकडे वळलेलं कोणी इथे असेल तर जरूर लिहा. आपल्याकडे तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्निल कुसाळे अशी रायफल-पिस्तुलाची मोठी परंपरा आहे. शॉटगनचं बोलायला मराठीत माणूसच सापडत नाही.

चिपळूणचा_बाळू

सोपं आहे. स्लिपला उभं राहून कॅच घेताना आपण आपले हात बघतो का? चेंडू बघतो. हात जातात.

सोनचाफा

+१ बाळू. आणि ऋजुताताई, शुभेच्छा! वाचतेय.

जुनी_दुनळी

बरीच वर्षं ट्रॅप (समोरच्या खंदकातून सुटून दूर जाणाऱ्या तबकड्या) खेळलोय, आता नवीन मुलांना शिकवतो. जरा सविस्तर लिहितो.

आधी हिशेब करून टाकू, म्हणजे मोजायचं का नाही ते कळेल. तबकडीचा व्यास ११० मिलिमीटर, वजन १०५ ग्रॅम. स्कीटच्या चौथ्या स्टेशनवरून ती साधारण वीस मीटरवरून आडवी जाते. छर्रे तिथे पोचायला एका सेकंदाचे सहा-सात शतांश भाग लागतात. तेवढ्या वेळात तबकडी सव्वा मीटरच्या आसपास पुढे सरकलेली असते. म्हणजे नळी थेट तबकडीवर धरून बार काढला तर छर्रे तिच्या मागून जाणार.

आता हा सव्वा मीटर तुम्ही डोळ्याने मोजायला गेलात की काय होतं? नजर तबकडीवरून निघते आणि नळीच्या टोकावर येते, कारण अंतर मोजायला दोन टोकं लागतात. डोळ्याला जवळची नळी आणि लांबची तबकडी एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत. नजर नळीवर आली की तबकडी धूसर होते, हाताला माहिती मिळणं बंद होतं आणि नळी थबकते. नळी थबकली की खेळ संपला. तुझा बार मागे जातो तो अंतर चुकल्यामुळे नाही, नळी थांबल्यामुळे जातो.

म्हणून नजर तबकडीच्या पुढच्या कडेवर ठेवायची. नुसती तबकडी असं म्हणू नये, पुढची कडच. जमलं तर तिच्यावरच्या गोल वळ्या दिसतात का ते बघायचं. नळी नजरेच्या काठावर अंधुक दिसत राहते, तेवढी पुरे.

दुसरं म्हणजे चाप. रायफलीसारखा दाबत बसू नकोस. दिसलं की ओढ. वजन पुढच्या पायावर, गुडघा किंचित सैल. एअर रायफलवाले कंबरेतून मागे रेलून उभे राहतात, ती सवय सगळ्यात चिवट. बार काढल्यानंतरही नळी फिरत राहिली पाहिजे.

सडेतोड_सातारकर

दुनळीकाका, आदर राखून असहमत.

कॅचचं उदाहरण सगळे देतात, पण स्लिपमधला खेळाडू लहानपणापासून हजारो चेंडू झेलून तिथे उभा असतो. त्याला उपजत म्हणायचं कशाला? आणि स्कीटमध्ये तर तबकडीचा मार्ग ठरलेला असतो. उंच घर, खालचं घर, आठ स्टेशनं. आपण आवाज दिल्यावर तबकडी सोडायला यंत्र शून्य ते तीन सेकंदांचा कितीही उशीर लावतं, पण मार्ग तोच. मग प्रत्येक स्टेशनवर किती पुढे राहायचं हे पाठ का करायचं नाही? मोठे स्कीट शूटर तेच करतात. नळी पहिल्यापासून तबकडीच्या पुढे ठेवतात, तिच्याच वेगाने चालवतात आणि ते ठरावीक अंतर दिसलं की बार. व्हिन्सेंट हॅन्कॉकने २००८, २०१२, टोकियो आणि पॅरिस अशी चार वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्णं घेतली. तो काय अंदाजपंचे मारतो?

'आपोआप' हा शब्द नवशिक्याला गोंधळात पाडतो. ऋजुता, सरांना सरळ विचार की चौथ्या स्टेशनवर त्यांना स्वतःला किती अंतर दिसतं. ते सांगतील.

जुनी_दुनळी

@सडेतोड, मुद्दा चांगला आहे. पण ते अंतर दिसणं वेगळं आणि त्याच्यासाठी नजर तबकडीवरून हलवणं वेगळं. अनुभवी माणसाला ते नजरेच्या काठावर जाणवतं. नवीन मुलीला सव्वा मीटर सांगितलं तर ती पट्टी घेऊन शोधायला लागते. शिवाय एकाला जे चार फूट वाटतं ते दुसऱ्याला दोन फूट वाटतं. जो मागून वेगाने येऊन तबकडीला ओलांडतो, त्याला अंतर कमीच दिसणार, कारण नळीचा वेग बाकीचं काम करून टाकतो. माझा आकडा तिच्या काही कामाचा नाही.

लंडनचा_देशपांडे

इकडे इंग्लंडमध्ये हा वाद शंभर वर्षं चालू आहे. :)

रॉबर्ट चर्चिल नावाचा लंडनचा बंदूक बनवणारा होता, त्याची शिकवण म्हणजे ऋजुताचे सर म्हणतात तीच: पक्षी बघा, बंदूक नीट खांद्याला येऊ द्या, पुढचं अंतर मनात आणूच नका. तो छोट्या नळीच्या, पंचवीस इंची बंदुकांचा पुरस्कर्ता होता आणि बाजू बदलेल तसं अंगाचं वजन पायांवर बदलायला सांगायचा. पर्सी स्टॅनबरी हा दुसरा मोठा शिक्षक. त्याचा उभं राहण्याचा ढंग वेगळा, वजन कायम पुढच्या पायावर.

पण चर्चिलच्या पद्धतीत एक अट आहे ती लोक विसरतात. बंदूक अंगाला बेतलेली हवी. दस्त्याची लांबी, त्याचा खाली उतार, बाजूला दिलेला बाक, हे सगळं मापात हवं, कारण नळी बघायचीच नसेल तर ती डोळ्याच्या रेषेत आपण होऊन आली पाहिजे. इथल्या शूटिंग स्कूलमध्ये आधी मोठ्या लोखंडी पत्र्यावर चुना फासून समोर उभं करतात. मधल्या ठिपक्याकडे बघून झटकन बंदूक उचलायची आणि मारायचं, नेम लावायचा नाही. पाच-सहा बारांत छर्‍यांचा पुंजका कुठे जमतो ते दिसतं. सतत वर गेला तर दस्ता उंच आहे, बाजूला गेला तर बाक चुकलाय.

ऋजुता, तू क्लबची बंदूक वापरतेस का? बहुतेक क्लबच्या बंदुका सरासरी उंचीच्या पुरुषाच्या मापाच्या असतात.

ऋजुता_करवीर

हो, क्लबचीच. माझी उंची पाच फूट दोन इंच. दस्ता काखेजवळ अडकतो असं मला सारखं वाटतं, पण मी समजत होते की माझी सवय नाही म्हणून.

लंडनचा_देशपांडे

तो लांब आहे. बोल त्यांच्याशी. मागचं रबरी पॅड बदलून पातळ लावता येतं, दहा मिनिटांचं काम.

डॉ_नेत्रा

मी डोळ्यांची डॉक्टर आहे, बंदुकीची नाही. पण कोणीच अजून मुख्य डोळ्याबद्दल लिहिलं नाही म्हणून लिहिते.

दोन्ही डोळे उघडे ठेवून दोन्ही हात लांब करा, पंजे एकमेकांवर ठेवून मध्ये छोटी फट करा आणि त्यातून लांबची एखादी वस्तू, समजा दाराची कडी, बघा. आता एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने कडी फटीत राहते तो तुमचा मुख्य डोळा. उजव्या हाताच्या बऱ्याच लोकांचा मुख्य डोळा डावा असतो. रायफलीत हे लपून जातं, कारण तिथे दुसऱ्या डोळ्यासमोर पट्टी असते. शॉटगनमध्ये दोन्ही डोळे उघडे ठेवले आणि मुख्य डोळा खांद्याच्या विरुद्ध बाजूचा असला, तर नळी त्या डोळ्याच्या रेषेत ओढली जाते आणि बार एका बाजूला जातो, नजर कितीही नीट असली तरी.

उपाय आहेत. चष्म्याच्या काचेवर, गालावर बंदूक टेकल्यावर डाव्या डोळ्याला नळीचं टोक जिथे दिसतं नेमक्या त्या जागी, अर्धपारदर्शक टेपचा छोटा तुकडा लावतात. उजेड आणि अंतराचा अंदाज शाबूत राहतो, फक्त नळीचं टोक त्या डोळ्याला दिसत नाही. नवीनच शिकत असाल तर सरळ खांदा बदलणं सगळ्यात टिकाऊ. पण आधी तपासून घ्या.

चिपळूणचा_बाळू

डॉक्टर, तपासलं. उजवा हात, डावा डोळा! माझ्या हातून स्लिपला कॅच का सुटतात ते घरच्यांना आता सांगता येईल.

डॉ_नेत्रा

बाळू, नाही हो. कॅचला दोन्ही डोळे लागतात. दुसरं कारण शोधा. :)

पाखरू_मित्र

धाग्याचं नाव बघून घाबरत उघडला. शिकवणीच्या गप्पांमध्ये 'पक्षी बघा' असं लिहिलंय, म्हणून नवीन वाचकांसाठी स्पष्ट करतो. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ची दुरुस्ती यांनंतर आपल्याकडे हौसेसाठी पक्षी मारणं हा गुन्हा आहे. लावा, तितर, होला, कोणताही. इथे जे चाललंय ते तबकड्यांचं आहे आणि तसंच राहावं.

खेळाचा इतिहासही वाचण्यासारखा आहे. १९००च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये जिवंत कबुतरं सोडून मारली होती. बेल्जियमच्या लेऑन द लुंडेनने २१ पक्षी पाडून ती स्पर्धा जिंकली. सुदैवाने पुढे तो प्रकार टिकला नाही. अमेरिकेत लिगोव्स्की नावाच्या माणसाने १८८०मध्येच मातीची तबकडी काढली होती. आताच्या तबकड्यांत माती नसते, डांबरासारखा पिच आणि चुनखडीची भुकटी असते.

आणि मुंबईकरांना ठाऊक असेलच, सलीम अलींचा पक्ष्यांकडे ओढा सुरू झाला तो लहानपणी एअरगनने मारलेल्या एका चिमणीमुळे. गळ्यावर पिवळा डाग दिसला, म्हणून ती घेऊन बीएनएचएसमध्ये (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत) मिलार्ड साहेबांकडे गेले. बंदुकीतून दुर्बिणीकडे जाणारी वाट आपल्याकडेच आहे.

काजूबाग

@पाखरू_मित्र, शंभर टक्के सहमत. आमच्याकडे सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाचा परवाना असलेल्या बंदुका घरोघर होत्या, अजून काही आहेत. बहुतेक ठासणीच्या, आजोबांकडे एक बारा बोअर. त्यांच्या तरुणपणी, म्हणजे कायद्याच्या खूप आधी, होले मारायला जात. ते नळी कधी बघायचे नाहीत. "दोनय डोळे उघडे ठेव, आणि पाखराची चोच बघ, अंग बघू नको" असं सांगायचे. वर दुनळीकाकांनी पुढची कड लिहिलंय ना, तेच झालं हे. त्यांना कोणी चर्चिल शिकवला नव्हता.

मन्या_मिनेसोटा

इथे मिनेसोटात शाळांची क्ले लीग आहे, हजारो मुलं खेळतात. माझी मुलगी त्यात आहे, तिच्यामुळे मीही शिकलो. हा अमेरिकन ट्रॅप: एकच घर, पाच जागा, पंचवीस तबकड्या, सोळा यार्डांवरून.

ऋजुता, काडतुसं महाग असतात म्हणून घरचा सराव लिहितो. मला सगळ्यात जास्त फायदा याचाच झाला. बंदूक रिकामी आहे हे दोनदा बघायचं, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवायची, चेंबरमध्ये डमी काडतूस घालायचं. नळीच्या तोंडात बारीक टॉर्च बसवायचा. भिंत आणि छत मिळतात त्या रेषेच्या एका टोकाला उभं राहायचं, बंदूक खाली. मग रेषेवर नजर ठेवून, उजेडाचा ठिपका रेषेवरून चालवत चालवत बंदूक वर आणायची. आधी गाल, मग खांदा. ठिपका रेषेवरून उडाला तर बंदूक उचलताना तू ती ढकललीस किंवा डोकं खाली नेलंस. डोकं बंदुकीकडे न्यायचं नाही, बंदूक डोक्याकडे आणायची. रायफलीवाल्यांचं नेमकं इथेच उलटं होतं.

रोज थोडा वेळ पुरे. आमच्याकडे मांजर त्या ठिपक्यामागे भिंतीवर चढायला जाते, तेवढा एक त्रास.

आता खऱ्या पक्ष्यांचं. इथे परवाना, मोसम, मर्यादा सगळं कायद्याने बांधलेलं आहे. शेजारच्या दक्षिण डाकोटात फेझंटच्या मोसमात गेलोय. स्थलांतरित पक्ष्यांसाठी बंदुकीत एकूण तीनच काडतुसं बसतील अशी अडसर लावावी लागते आणि पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छर्रे १९९१पासून देशभर बंद आहेत. तबकडीवर उत्तम मारणारी माणसं तिथे पहिल्या दिवशी चुकतात, कारण तबकडी यंत्रातून निघते तेव्हा सगळ्यात वेगात असते आणि मग मंदावते. पक्षी उलट. तो जमिनीवरून उठताना सावकाश असतो आणि मग वेग धरतो, वळतोही. तबकडीचं पाठ केलेलं अंतर तिथे चालत नाही. @सडेतोड, म्हणून मला 'पाठ करा' हा सल्ला अपुरा वाटतो. आणि थव्यात एकच पक्षी निवडायचा. थव्यावर मारलं की एकही पडत नाही.

सडेतोड_सातारकर

मन्या, तबकडी मंदावते हा मुद्दा पटला, विचारच केला नव्हता या बाजूने. पण ऋजुता फेझंट मारायला चाललेली नाही, ती स्कीट खेळतेय. तिथे मार्ग ठरलेला आहे, या माझ्या मुद्द्यावर मी आहे तिथेच आहे.

जुनी_दुनळी

मग एक गंमत बघा. ट्रॅपमध्ये बंदूक आधीच खांद्याला लावून आवाज द्यायचा असतो, पण खंदकात पंधरा यंत्रं, प्रत्येक जागेसमोर तीन, आणि कुठली सुटणार माहीत नाही. म्हणजे बंदूक तयार, दिशा अनोळखी. स्कीटमध्ये उलट: दिशा ठाऊक, पण तबकडी दिसेपर्यंत दस्ता कमरेजवळच्या खुणेला टेकलेला हवा. म्हणजे तिथे बंदूक उचलणं हाच सगळा खेळ. सडेतोड म्हणतात तसं अंतर पाठ करता येईलही, पण उचलतानाच नळी वाकडी आली तर पाठांतर कशाला जोडणार? म्हणून ऋजुताला माझा सल्ला मन्याच्या टॉर्चचा. अंतराचा वाद सहा महिन्यांनी घालू.

आणखी एक. नजर कुठे ठेवून आवाज देतेस? नळी ज्या जागी धरतेस तिथे नजर असेल तर तबकडी भुर्रकन जवळून निघून जाते आणि तू पाठलाग करतेस. नळी मार्गावर जरा पुढे, नजर मात्र मागे घराच्या खिडकीजवळ, जिथे ती पहिल्यांदा स्पष्ट दिसते तिथे. आणि पाय, जिथे फोडायची आहे त्या दिशेला लावून मग कमरेतून वळून मागे यायचं. पाय खिडकीकडे लावले तर फोडायच्या जागी येईपर्यंत कंबर अडकते.

सोनचाफा

अवांतर: पॅरिसला अनंतजीत नरूका आणि माहेश्वरी चौहान यांचं स्कीट मिश्रचं कांस्य ४४-४३ असं एका तबकडीने गेलं तेव्हा रात्रभर वाईट वाटत होतं. २००४ला राठोडांचं डबल ट्रॅपमधलं रौप्य बघून मी हा खेळ पहिल्यांदा बघितला. आता डबल ट्रॅप ऑलिम्पिकमधून गेलंच, रिओनंतर.

लंडनचा_देशपांडे

अवांतराला अवांतर: १९९२ला बार्सिलोनात स्कीट स्त्री-पुरुष एकत्र होतं आणि चीनच्या चांग शानने सगळ्या पुरुषांना हरवून सुवर्ण घेतलं. ऋजुता, उंचीची काळजी करू नकोस, दस्त्याची कर.

ऋजुता_करवीर

उशीर झाला उत्तर द्यायला, पण सगळं नीट वाचलं आणि करून बघितलं.

डॉक्टरांची चाचणी: उजवाच डोळा मुख्य, तो प्रश्न मिटला. दस्त्याचं पातळ पॅड बसवून घेतलं, काखेत अडकणं बंद झालं. टॉर्चने पहिल्या दिवसापासून दिसलं की बंदूक वर येताना ठिपका दरवेळी खाली डावीकडे झुकतो. म्हणजे मी मान घालत होते, मन्यादादा म्हणाले अगदी तेच. आता बराच सरळ चालतो.

सरांना सडेतोडांचा प्रश्नही विचारला. ते म्हणाले, मला चौथ्यावर जेवढं दिसतं ते सांगतो, पण तू ते शोधू नकोस, फोडल्यावर तुला किती दिसलं ते मला सांग. म्हणजे अंतर आधी मोजायचं नाही, नंतर आठवायचं. हे मला फार पटलं. फुटली की डोळे मिटून तेवढंच चित्र आठवते. दुसऱ्या, तिसऱ्या स्टेशनवर ते चित्र आता दरवेळी सारखं येतंय. चौथं आणि पाचवं अजून हुकतं, विशेषतः खालच्या घराची.

सडेतोड_सातारकर

तुझे सर चांगले आहेत. नंतर आठवून पाठ होणं मला मान्य आहे.

जुनी_दुनळी

खालच्या घराची चुकते म्हणजे उजवीकडून डावीकडे जाणारी. तू उजव्या खांद्याची, त्यामुळे नळी डावीकडे नेताना दस्ता गालावर दाबला जातो. तिथे कमी चुकायला हवं. उलट चुकत असेल तर मला पायांची शंका येते. चौथ्यावर उभी राहतेस तेव्हा डाव्या पायाचा अंगठा कुठल्या बाजूला असतो? पुढच्या वेळी कोणाकडून तरी मागून व्हिडिओ काढून घे आणि कळव.

ऋजुता_करवीर

उंच घराच्या खिडकीकडे असतो असं वाटतंय. रविवारी रेंजवर जातेय, व्हिडिओ काढून टाकते.